'एलिफंट' कागदावर उतरवताना

अमेरिकन डिरेक्टर गस व्हॅन सँटचा 'एलिफंट' आमच्या ग्रुपमधे दाखवायचं ठरलं आणि त्याच्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एडिटिंग करते आणि हा पिक्चर म्हणजे लांबच लांब शॉट, कट अगदी मोजके. ग्रुप म्हणजे पुण्यातले आम्ही काही जण, कुणाच्या तरी हॉलमधे प्रोजेक्टर लावतो, बघतो आणि मग रात्री उशिरापर्यंत भांडतो. मी हा पिक्चर कॉलेजात असताना बघितला होता आणि त्यातलं लक्षात काय होतं तर शाळेचे कॉरिडॉर, एका पोराचा पिवळा टीशर्ट आणि नंतर कितीतरी वेळ पोटात राहिलेला गोळा. एवढ्यावर काय बोलणार. म्हणून ठरवलं की सगळा पिक्चर कागदावर उतरवायचा, एकेक शॉट, कोण कुठून निघालं, कुठे गेलं, वाटेत कोण भेटलं, आणि मग बघू हाताला काय लागतं. ते करताना जे होत गेलं ते लिहितेय. शेवटापर्यंत सगळं येणारे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून मग वाचा.

थोडं बॅकग्राउंड. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोमधल्या कोलंबाइन हायस्कूलमधे तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. 'एलिफंट' त्यानंतर चार वर्षांनी आला, २००३ ला, ८१ मिनिटांचा, शाळेतल्या अशाच एका गोळीबारावर. त्यात कोलंबाइनचं नाव कुठेही घेतलेलं नाही, शाळा पोर्टलंडची दाखवलीय, ओरेगॉन राज्यातली, आणि शूटिंगही तिथल्याच एका बंद पडलेल्या शाळेच्या बिल्डिंगमधे केलेलं. पोरं तिथल्या हायस्कूलची, त्यातल्या बहुतेकांनी आधी कॅमेरा बघितलेला नाही, पात्रांची नावं बरीचशी त्यांची स्वतःचीच आणि बोलणंही त्यांनीच जागच्या जागी केलेलं. हॅरिस सॅव्हिडीसचा कॅमेरा. एडिटिंग व्हॅन सँटनं स्वतः केलंय. कान फिल्म फेस्टिव्हलला त्या वर्षी पाल्म द'ऑर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, आणि बेस्ट डिरेक्टर दोन्ही यालाच मिळालं आणि तिथेच यावरून भरपूर वादही झाला.

आता काम. मी पोस्टकार्डाएवढे कागद कापले आणि एका शॉटला एक कार्ड असं सुरू केलं. रोजच्या कामात मी सिरियल कापते, तिथे एका सीनमधे इतके कट असतात की असं कार्डावर काही करायचं म्हटलं तर घर भरेल. इथे अर्धा तास झाला तरी कार्डांची चवड काही वाढत नव्हती. एक मुलगा फुटबॉलच्या मैदानावर खेळतोय, बाजूनं एक मुलगी पळत येते, थांबते, आभाळाकडे बघते, निघून जाते, मग हा मुलगा लाल हुडी चढवतो, पाठीवर मोठा पांढरा क्रॉस आणि लाइफगार्ड असं लिहिलेलं, आणि कॅमेरा त्याच्या मागे मागे मैदान ओलांडून शाळेच्या आत, कॉरिडॉर, अजून एक कॉरिडॉर, तीन मुली त्याच्याकडे बघतात, पुढे त्याची मैत्रीण भेटते. एवढंच. मिनिटांवर मिनिटं चाललेत आणि आपण एका पोराची पाठ बघतोय. कार्डावर लिहायला एकच ओळ, 'नेथन चालतो'. सुरुवातीला मला यानं फार अस्वस्थ व्हायला झालं, हात आपोआप कट मारायला जात होता, इथे संपला ना शॉट, माहिती मिळाली ना, चला पुढे. पण माहिती देण्यासाठी तो शॉट नाहीच आहे. तेवढा वेळ कुणाच्या मागून चालल्यावर ते पोर ओळखीचं वाटायला लागतं, त्याची चाल, खांदे हलवायची ढब, मानेवरचे केस. आणि आपल्याला आधीपासून माहितेय की दुपारपर्यंत या शाळेत काय होणारे.

कार्डं झाल्यावर शाळेचा नकाशा काढायला घेतला आणि तिथे अडकले. कोण कुठल्या दारातून कुठे निघतं ते लागेना. मुळात मला हेच कळत नव्हतं की ही पोरं सारखी कॉरिडॉरमधे का आहेत, वर्ग का चालू नाहीयेत. माझी बहीण न्यू जर्सीत असते, तिची मुलगी सोळा वर्षांची, तिथल्याच हायस्कूलमधे जाते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आम्ही एका क्लासमधे बसतच नाही ना. टीचर त्यांच्या रूममधे असतात, आम्ही फिरतो. बेल झाली की सगळी शाळा हॉलवेत." मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या शाळेत आपण बाकावर बसून राहायचो आणि बाई यायच्या, बाई जायच्या, व्हरांडा म्हणजे मधल्या सुट्टीपुरता किंवा शिक्षा म्हणून उभं राहायची जागा. तिकडे हॉलवे हीच शाळेची मुख्य जागा, तिथेच लॉकर, तिथेच मैत्री, तिथेच कुणीतरी कुणाकडे बघितलं नाही म्हणून दिवस खराब. म्हणजे व्हॅन सँटनं कॉरिडॉर निवडले ते दिसायला छान लांबलचक आहेत म्हणून नाही, त्या पोरांचं आयुष्य खरंच तिथे घडतं. भाचीनं मला तिच्या शाळेचा नकाशा काढून फोटो पाठवला, कुठल्या वळणावर कोणता ग्रुप उभा असतो ते सुद्धा लिहून. त्या नकाशात प्रत्येक खोलीत एका कोपऱ्यात तिनं फुली मारली होती. विचारलं ही काय आहे, तर म्हणाली ते लॉकडाउन ड्रिलला, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर दार लावून लपायच्या सरावाला, बसायचे कोपरे, दाराच्या काचेतून दिसत नाही तिथून. न्यू जर्सीत शाळांना दर महिन्याला फायर ड्रिल असतं तसं एक सिक्युरिटी ड्रिलही घ्यावंच लागतं. तिनं बाथरूम कुठेय सांगावं तशा सुरात ते सांगितलं.

तिच्या नकाशावरून अंदाज घेत पिक्चरमधल्या शाळेचा नकाशा जमला आणि मग कार्डं त्याच्यावर लावायला लागले, प्रत्येक पोराचा वेगळा रंग. यात एक जागा सापडते जिथे तीन रंग एकमेकांना छेदतात. पिवळा टीशर्टवाला जॉन चाललाय, समोरून इलायस येतो, त्याला फोटोग्राफीचं वेड, तो जॉनला म्हणतो थांब फोटो काढतो, जॉन पोज देतो, मागून मिशेल नावाची मुलगी पळत लायब्ररीकडे जाते. पिक्चरमधे हा क्षण तीनदा येतो, एकदा जॉनच्या मागून, एकदा इलायसच्या आणि एकदा मिशेलच्या. पहिल्या वेळी मिशेल म्हणजे मागून पळालेलं कुणीतरी, तिच्याकडे लक्ष पण जात नाही. तिसऱ्या वेळी आपण तिच्याबरोबर पळतोय. तोपर्यंत कळलेलं असतं की ही जिमला शॉर्ट्स घालायला तयार नाही म्हणून बोलणी खाते, मुली हिला हसतात. आणि ती पळत असताना बाजूला दोन पोरं फोटो काढतायत, त्यांना ती दिसतही नाही. नकाशावर हे बघताना मला काटा आला कारण त्या एका ठिपक्यापासून जॉनची रेघ बाहेर जाते आणि बाकी दोघांच्या रेघा लायब्ररीत. जॉन बाहेर पडतो, एका कुत्र्याशी खेळतो, कुत्रा उडी मारतो ती स्लो मोशनमधे, आणि तेवढ्यात अ‍ॅलेक्स आणि एरिक, पुढे गोळीबार करणारी ती दोन पोरं, लष्करी कपड्यात, जड बॅगा घेऊन आत जाताना त्याला भेटतात आणि अ‍ॅलेक्स त्याला सांगतो की इथून निघ, परत येऊ नकोस. जॉन वाचला तो का वाचला? त्याचे वडील सकाळी दारू पिऊन गाडी चालवत होते, त्यामुळे उशीर झाला, ऑफिसमधे थांबावं लागलं, आणि मग तो त्या वेळी बाहेर होता. यात कुठलाही न्याय नाही, पोरगं चांगलं म्हणून वाचलं असं अजिबात नाही. इलायसही चांगलाच होता.

एक संध्याकाळ फक्त आवाज ऐकण्यात घालवली, स्क्रीन बंद करून. हे मी कामातही करते, एडिट अडला की डोळे मिटून ऐकायचं. लेस्ली शॅट्झचं साउंड आहे आणि त्यात कॅनडातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांच्या साउंडस्केप वापरल्यात, म्हणजे खऱ्या जागांवर रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत विणून केलेल्या रचना. चित्र असताना हे लक्षात येत नाही पण नुसतं ऐकलं की शाळेच्या आत मधेच पाणी वाहतं, पक्षी बोलतात, कुठेतरी दारं उघडतात जी त्या खोलीत नाहीतच. शेवटच्या भागात तर आत गोळीबार चालू आणि आवाज जंगलातले. भीती कुठून येतेय ते मला तेव्हा समजलं, कानाला सतत कळत होतं की जागेत काहीतरी बरोबर नाहीये आणि डोळ्याला मात्र रोजची शाळा दिसत होती.

आणि बेथोवेन. नेथनच्या त्या मैदानावरच्या लांब शॉटवर मूनलाइट सोनाटा वाजतो, आपल्याला वाटतं की नेहमीसारखं बॅकग्राउंड म्यूझिक, थोडं उदास, छान. मग कितीतरी नंतर अ‍ॅलेक्स घरी पियानोवर बसतो, बेथोवेनचंच 'फ्यूर एलीजे' वाजवतो, कॅमेरा सावकाश पूर्ण खोलीभर फिरतो, भिंतीवर त्याची चित्रं, त्यात एक हत्तीचंही, आणि मग तोही मूनलाइट सोनाट्याचे सूर काढायला लागतो, चुकतो, चिडतो. म्हणजे नेथनच्या पाठीवर मगाशी जे वाजत होतं ते या मुलाच्या बोटांतलं होतं. कार्डं जोडताना मी या दोन कार्डांमधे दोरा ताणला आणि बराच वेळ पुढचं काम सुचेना. मी इतकी वर्षं एडिटिंग करतेय, संगीतानं एवढी मोठी गोष्ट इतक्या गुपचूप सांगितलेली मी क्वचित बघितलीय.

हत्तीवरून आठवलं, या नावाचा एक पिक्चर आधीच आहे, अ‍ॅलन क्लार्क यांनी १९८९ ला बीबीसीसाठी केलेला, ३९ मिनिटांचा, नॉर्दर्न आयर्लंडमधल्या खुनांवर. एकामागून एक १८ खून, संवाद जवळजवळ नाहीत, कॅमेरा असाच माणसांच्या मागे चालतो. व्हॅन सँटनं नाव आणि चाल दोन्ही तिथून घेतलंय. क्लार्कच्या नावामागे खोलीत हत्ती बसलाय आणि सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतायत ही कल्पना होती, व्हॅन सँटला मात्र बराच काळ ते नाव आंधळे आणि हत्तीच्या गोष्टीवरून आलंय असं वाटत होतं, आपल्याला शाळेत असते तीच. मला स्वतःला त्याचा हा समज या पिक्चरला जास्त लागू वाटतो.

यानंतर एक प्रयोग केला ज्यातून मला सगळ्यात जास्त मिळालं. सगळी कार्डं भिंतीवरून काढली आणि घड्याळाच्या सरळ क्रमानं लावली. आधी अ‍ॅलेक्सला वर्गात पोरं काहीतरी ओलं फेकून मारतात, मग तो कँटीनमधे बसून काय काय कुठे आहे त्याच्या नोंदी करतो, मग घर, पियानो, एरिकचा लॅपटॉपवर गेम, टीव्हीवर हिटलरची डॉक्युमेंटरी, कुरियरनं आलेली बंदूक, गॅरेजमधे ती चालवून बघणं, मग सकाळ, जॉन, वडील, शाळा, गोळीबार. असं लावलं की कारण आणि परिणाम अशी सरळ रांग लागते, छळ झाला, गेम खेळला, बंदूक मिळाली, मारलं. न्यूज चॅनलवर असतं ना तसं, कळलं, संपलं. आणि पोरं सगळी मेलेल्यांची यादी होऊन जातात. मूळ क्रमात आपण आधी खूप वेळ पोरांबरोबर असतो आणि ही 'कारणं' उशिरा येतात, तोपर्यंत आपल्याला ती पुरेशी वाटतच नाहीत. नेथनची ती चाल आणि मिशेलचं ते पळणं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एक गेम? मी परत सगळी कार्डं मूळ जागी लावली आणि मग त्या क्रमाला हात लावला नाही.

तरी माझी तक्रार आहे, आणि ती मी बोलतानाही मांडली. हिटलरची डॉक्युमेंटरी आणि अंघोळीच्या वेळचं त्या दोघा मारणाऱ्या पोरांचं चुंबन, हे दोन सीन मला पटत नाहीत. व्हॅन सँटला यात प्रत्येक सोपं उत्तर नुसतं समोर ठेवायचंय, कुठल्याच उत्तरावर बोट ठेवायचं नाहीये, हे कळतं. पण चुंबन त्या रांगेत ठेवलं की बघणाऱ्यातला कुणीतरी ते कारण म्हणून उचलणारच. त्याच पिक्चरमधे पोरांची एक मीटिंग आहे जिथे समोरचा गे आहे हे नुसतं बघून कळतं का यावर मुलं मुली इतकं मोकळं बोलतात, तो सीन किती सुंदर आहे, मग हे कशाला.

आणखी एक गोष्ट वाचली जी बोलावी का नाही यावर मी बराच विचार केला. मार्च २००५ मधे मिनेसोटातल्या रेड लेकला अशीच घटना झाली आणि ती करणाऱ्या मुलानं त्याआधी थोड्या दिवसांपूर्वी हा पिक्चर मित्रांबरोबर बघितला होता अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मी ते ग्रुपमधे सांगितलं. लपवून हा पिक्चर दाखवणं मला बरोबर वाटेना. पिक्चरमुळे ते झालं असं मी म्हणणार नाही, पण जे इतकं थंडपणे दाखवलंय ते कुणाला कसं दिसेल यावर कुणाचा ताबा नसतो, हे बनवणाऱ्यानं आणि दाखवणाऱ्यानं दोघांनी डोक्यात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. या चर्चेशिवाय हा पिक्चर कुठल्या कॉलेजात नुसता लावून देऊ नये.

दाखवला त्या दिवशी सुरुवातीलाच दोघा तिघांना वाटलं प्रोजेक्टरचं सेटिंग चुकलंय, कारण फ्रेम जुन्या टीव्हीसारखी जवळजवळ चौकोनी आहे आणि दोन्ही बाजूला काळं. मी सांगितलं तशीच आहे, ४:३. पहिली वीस मिनिटं चुळबुळ, कुणी मोबाइल उघडला, कुणी पाणी आणायला गेलं. मग हळूहळू हॉल गप्प होत गेला. बेनीच्या सीनला तर कुणी हललं नाही. बेनी हा एकदम शेवटाकडे येतो, काळ्या पडद्यावर त्याच्या नावाची पाटी येते, जशी बाकी सगळ्यांची आली, त्यामुळे आपल्याला वाटतं आता याची गोष्ट सुरू होणार. तो शांतपणे चालत येतो, एका मुलीला खिडकीतून बाहेर पडायला मदत करतो, मग उलटा गोळीबाराच्या दिशेनं चालत जातो, आणि एरिक त्याला सरळ गोळी घालतो. संपलं. बाकीच्यांना जेवढा वेळ मिळाला त्याचा अगदी छोटासा तुकडा त्याला मिळतो.

नंतरच्या चर्चेत आमच्यातले एक रिटायर्ड मुख्याध्यापक आहेत, सर फारसं बोलत नाहीत, ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं शाळेत राउंड घेतला, मला पोरं अशीच दिसायची, मागून." त्यावर एक तरुण मुलगा म्हणाला की सर, गेममधेही असंच दिसतं, आपला माणूस कायम पाठमोरा आणि आपण त्याच्या मागे. पिक्चरमधे एरिक जो गेम खेळतो त्यातही सपाट मैदानात चालणाऱ्या माणसांना गोळ्या घालायच्या असतात. म्हणजे एकच अँगल, सरांना काळजीचा वाटला आणि त्याला गेमचा. मी आणलेला नकाशा आणि कार्डं बाजूलाच राहिली, बाकी चर्चा सगळी यावरच झाली, आणि मला ते आवडलं.

भाचीनं मात्र पिच्छा सोडला नाही, तिला पिक्चर बघायचाच होता. तिकडे याला आर रेटिंग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा, ताई आधी नाहीच म्हणत होती, "अगं तिच्या डोक्यात आधीच ते ड्रिल असतं, अजून कशाला." शेवटी तिघींनी मिळून बघायचा, मधे कुणालाही थांबवावंसं वाटलं तर थांबवायचा, असं ठरलं आणि कॉल लावून बघितला. भाचीला तो संथ वाटलाच नाही, ती म्हणाली शाळेत असंच असतं, चालायचं आणि चालायचं. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. स्पीकरवरून अनाउन्समेंट का होत नाहीये, दारं कुणी लॉक का करत नाहीये, ही मुलं लायब्ररीत उभी का राहिलीत, लाइट का चालू आहेत. तिच्या पिढीला हे सगळं पाठ आहे आणि पडद्यावरच्या पोरांना यातलं काहीच माहीत नाही, गोळीचा आवाज आल्यावर सुद्धा ती मान वळवून नुसतं बघतात. अगदी शेवटी अ‍ॅलेक्सला नेथन आणि त्याची मैत्रीण कँटीनच्या मागच्या थंड खोलीत सापडतात आणि तो दोघांवर बोट फिरवत आपल्या अडम तडमसारखं म्हणायला लागतो, तिथे ताईनं लॅपटॉप बंद केला. तसाही पिक्चर तिथेच थांबतो, कुणावर आलं ते दाखवत नाहीत.

मग बेनीवरून आमचं वाजलं. तिकडे 'रन, हाइड, फाइट' असं शिकवतात, आधी पळा, नाही जमलं तर लपा, काहीच उरलं नाही तर लढा. भाचीचं म्हणणं की बेनीला पळता येत होतं, खिडकी उघडी होती, तो थेट तिसऱ्या पायरीवर गेला आणि ते चुकीचं आहे, असं कुणी करू नये. मी म्हटलं तो लढायला जातच नाहीये, त्याच्या हातात काही नाही, तो घाई करत नाही, माझ्या मते तो बघायला जातोय की आपल्या शाळेत हे काय चाललंय. ती म्हणाली, "मावशी, बघायला कोण जातं?" मी म्हटलं १९९९ च्या आधी शाळेत गेलेलं पोर जाईल. तिला पटलं नाही. ताईला दोघींचंही पटलं नाही, तिचं म्हणणं तो अजून कुणाला तरी बाहेर काढायला चालला होता. आता भाचीला ते दोन मिनिटांचं कार्ड हवंय, मी तिला फोटो पाठवलाय, आणि पुढच्या शनिवारी फक्त तेवढा सीन परत बघायचाय, आवाज बंद करून एकदा आणि चित्र बंद करून एकदा.